साखरेच्या जागी माप

आमच्या स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात जाडी मोजायचा एक व्हर्निअर असतो. चहाचा चमचा शोधायला गेलेल्या पाहुण्यांच्या हाती तो लागतो आणि ते चक्रावतात. पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या पिंपळे गुरवात घरात व्हर्निअर असण्याचं कुणाला नवल वाटत नाही. इथे दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी भोसरीला, पिंपरीला नाहीतर चाकणला 'कंपनीत' असतंच. माझे सासरे भोसरी एमआयडीसीत तीस वर्षं टर्नर होते. पण तो व्हर्निअर चमच्यांच्या शेजारी कसा आला, त्याची गोष्ट फळांच्या गोळ्यांची आहे.

बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मधुमेह निघाला आणि घरातली चिक्की, रेवडी, श्रीखंडाच्या गोळ्या, सगळं कुलूपबंद झालं. त्यांची तक्रार जेवणाबद्दल कधीच नव्हती. तक्रार होती दुपारी चारची. कंपनीत चारच्या चहाबरोबर खिशातली एखादी गोळी तोंडात टाकायची सवय, ती जाईना. मग मी ठरवलं, गोळ्या घरीच करायच्या, साखर न घालता.

पहिला प्रयोग अननसाचा. ताज्या अननसाचा रस काढला, जिलेटिनचं पाकीट आणून त्यात विरघळवलं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी बाबांनी ट्रे तिरका केला, तर सगळं एका बाजूला वाहत आलं.

"अगं, जॉब कुठंय? हे तर कूलंट आहे!"

पहिला लॉट रिजेक्ट. का झाला ते नंतर कळलं. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं. ते प्रथिनं तोडतं, आणि जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेलं प्रथिनच. पपईतलं पपेन आणि किवीतलं विकरही हेच करतं. फळ आधी शिजवलं की विकर निकामी होतं. पण जिलेटिन कशाचं असतं हे कळल्यावर सासूबाईंनी ते पाकीटच घराबाहेर काढलं, त्यामुळे तो मार्ग तसाही बंद झाला.

साखरेची तीन कामं

गोळीतली साखर फक्त गोड करते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती तीन कामं करते. गोडी देते, आकार धरून ठेवते आणि टिकवते. साखर काढली की तीन जागा रिकाम्या होतात, आणि गोडीची जागा भरणं त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे.

आकाराचं बघा. पेरू, कवठ, आवळा, सफरचंद यांत पेक्टिन भरपूर असतं. कवठाची जेली घट्ट बसते ती त्याच्याच जोरावर. पण हे पेक्टिन एकटं काही करत नाही. मिश्रणात आंबटपणा हवा आणि साखरेचं प्रमाण साधारण ५५ ते ६५ टक्क्यांवर गेलेलं हवं. मगच त्याची जाळी विणली जाते. गोव्यात नाताळाला पेराड करतात, ती पेरूची वडी. तिच्यात गराच्या जवळपास बरोबरीने साखर पडते ती काही नुसत्या हौसेने नाही.

टिकण्याचंही तसंच. साखर पाण्याला धरून ठेवते, म्हणून बुरशीला आणि जंतूंना ते वापरता येत नाही. साखर नसेल तर पाणीच काढून टाकावं लागतं, नाहीतर फ्रिजचा आसरा घ्यावा लागतो.

पाणी काढून टाकायची रीत आपल्याकडे जुनी आहे. कोकणातली आंबापोळी आणि फणसपोळी म्हणजे दुसरं काय? रायवळ आंब्याचा रस ताटात पातळ पसरायचा, वैशाखाच्या उन्हात वाळवायचा, वर पुन्हा थर द्यायचा. आंबा गोड असेल तर साखरेचा कणही लागत नाही.

पेरूची पोळी

आमच्या घरी जमलेला पहिला पदार्थ हाच. दिवाळीच्या सुमारास पिंपरीच्या मंडईत पेरूचे ढीग लागतात. पिकलेले पण घट्ट पेरू घ्यायचे, चिरून वाफवायचे आणि चाळणीवर घासून बिया वेगळ्या करायच्या. ५०० ग्रॅम गर हवा असेल तर पाऊण किलो पेरू आणावेत. त्यात एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि हवी तर दालचिनीची पूड घालायची. लिंबाने रंग काळवंडत नाही. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत राहायचं. चमचा फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसून राहिला की गॅस बंद.

बटर पेपर लावलेल्या ट्रेमध्ये गर पसरायचा आणि इथेच व्हर्निअर आला. पहिल्या वेळी मी उलथन्याने अंदाजाने पसरलं. कडा कडकडीत झाल्या आणि मध्ये चिखल राहिला. बाबांनी चष्मा लावला, व्हर्निअर गरम पाण्याने धुतला आणि ओल्या गराची जाडी चार ठिकाणी मोजली. कुठे २ मिलिमीटर, कुठे ९.

"सेटिंगच चुकलंय. सगळीकडे पाच ठेव, आणि कडेला जरासं जास्त. कड आधी सुकते."

तेव्हापासून आमच्याकडे पाच मिलिमीटरचा नियम आहे. ओव्हन असेल तर ६० ते ७० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून पाच ते सात तास लागतात. ऑक्टोबरच्या उन्हातही पोळी वाळते, पण आमच्या गॅलरीत समोरच्या इमारतीमुळे ऊन जेमतेम तीन तास टिकतं आणि शेजारच्या बांधकामाची धूळ दिवसभर. म्हणून वर मलमलचं फडकं ताणून बांधायचं आणि संध्याकाळी दव पडायच्या आत ट्रे घरात घ्यायचा. मधोमध बोट दाबलं तर ठसा उमटायला नको आणि पोळी कागदावरून सलग सुटायला हवी, ही तयार झाल्याची खूण. मग कात्रीने तुकडे.

हीच रीत सफरचंदाला चालते, चिकूला चालते. सीताफळाला मात्र नाही. पुरंदरची सीताफळं याच दिवसांत येतात आणि मोह होतो, पण त्याचा गर तापला की कडवट होतो. सीताफळ आपलं तसंच खावं.

चायना ग्रासच्या वड्या

अननसाचा हट्ट मी सोडला नव्हता. तो पुरा झाला चायना ग्रासने, म्हणजेच अगरने. हे समुद्रशेवाळापासून मिळतं, प्रथिन नसल्यामुळे अननसाच्या विकराला दाद देत नाही, आणि त्याला साखरेची गरज नसते. उकळत्या पाण्यात विरघळतं, ३५ ते ४० अंशांपर्यंत निवलं की घट्ट होतं आणि पुन्हा वितळायला मात्र ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यामुळे या वड्या फ्रिजबाहेरही बसतात.

याच गुणामुळे अगर प्रयोगशाळेत पोचलं. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करणाऱ्या वाल्टर हेस यांना जंतू वाढवायला जिलेटिन पुरेना. उन्हाळ्यात ते पातळ व्हायचं. त्यांची पत्नी फॅनी घरच्या जेलीत अगर वापरत असे. १८८१च्या सुमारास तिनेच ते सुचवलं. आपल्या शेजारी पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, आपल्या तोंडातली 'एच.ए.', उभी राहिली. प्रतिजैविकांच्या अशा कोणत्याही कारखान्याच्या प्रयोगशाळेत अगरच्या बशा असणारच. स्वयंपाकघरातली युक्ती केवढ्या लांब जाऊन आली!

प्रमाण असं: १०० मिलिलीटर पाण्यात ५ ग्रॅम अगर पावडर ढवळून दोन-तीन मिनिटं चांगली उकळायची. दुसऱ्या भांड्यात अननसाचा शिजवून वाटलेला २०० मिलिलीटर गर गरमच ठेवायचा. थंड गर ओतला तर अगरच्या गुठळ्या होतात. दोन्ही एकत्र करून ट्रेमध्ये ओतायचं. लिंबू पिळायचं तर शेवटी, गॅस बंद केल्यावर. आंबटाबरोबर उकळलं की अगरची पकड ढिली पडते. अर्ध्या तासात वडी बसते. चाळीस तुकडे होतात. फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवावेत. पेरूची पोळी हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये दोन आठवडे राहते. मात्र ओलसर लागली किंवा कुठे बुरशीचा ठिपका दिसला तर सगळी टाकून द्यायची, तेवढाच भाग कापून नव्हे.

आणि ज्यांना गोडाशिवाय चालतं, त्यांच्यासाठी आवळा सुपारी आहेच. कार्तिकात आवळीभोजनाला आवळे येतात, तेव्हा ते किसून आलं, ओवा आणि सैंधव लावून वाळवावेत. रक्तदाबाचं पथ्य असेल तर मीठ आवरतं घ्यावं.

'बिनसाखर' म्हणजे किती साखर?

आता नाजूक भाग. साखर घातली नाही म्हणजे साखर नाही, असं होत नाही. १०० ग्रॅम पेरूत साधारण ९ ग्रॅम साखर त्याची स्वतःचीच असते. ५०० ग्रॅम गरात ४५ ग्रॅम झाली. वाळताना पाणी उडतं, साखर तिथेच राहते. आमच्या ट्रेमधून साधारण सव्वाशे ग्रॅम पोळी निघते, तिचे तीस तुकडे होतात. म्हणजे एका तुकड्यात दीड ग्रॅम. तीन तुकडे खाल्ले की चहाचा एक चमचा साखर पोटात गेली. अननसाच्या वडीत पाणी राहिलेलं असतं म्हणून तिच्या एका तुकड्यात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास.

बाजारातल्या पाकिटांवरही 'साखर नाही' आणि 'साखर घातलेली नाही' हे दोन दावे वेगळे असतात. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे 'शुगर फ्री' लिहायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर नको. 'साखर घातलेली नाही' हा दावा निराळा. आमची पोळी दुसऱ्या वर्गातली.

हे सांगितलं की कुणीतरी हमखास विचारतं, "मग गूळ चालतो ना? नाहीतर खजूर?" गूळ म्हणजे बहुतांश साखरच, आणि वाळलेल्या खजुरात निम्म्याहून अधिक वजन साखरेचं. स्टीव्हिया चालतं, २०१५ पासून आपल्याकडे त्याला परवानगी आहे. पण जास्त पडलं तर कडवट चव मागे राहते. अ‍ॅस्पार्टेम शिजवताना आपली गोडी गमावतं. झायलिटॉलसारख्या पदार्थांनी पोट बिघडू शकतं, आणि घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल आणूच नये, त्याच्यासाठी ते विष आहे.

पथ्यही सगळ्यांचं एक नसतं. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम मोजावं लागतं आणि वाळवलेल्या फळात तेही दाटतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अगरची वडी तोंडात वितळत नाही. लहान मुलांना आणि गिळताना त्रास होणाऱ्या वृद्धांना ती देऊच नये.

दोन डबे

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेह असलेली माणसं १० कोटींच्या वर आहेत. तेव्हा असा डबा आमच्या एकट्याच्या घरात असणार नाही. ज्यांच्या घरात असेल त्यांनी त्याच्या जोडीला दुसराही ठेवावा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची रक्तातली साखर कधी अचानक उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात. तेव्हा पेरूचा तुकडा चघळत बसणं उपयोगाचं नाही. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची आणि १५ मिनिटांनी रक्त तपासायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा.

बाबांचे आता दोन डबे असतात. उशाशी एकात ग्लुकोज, झाकणाला लाल चिकटपट्टी; तो कंपनीतल्या इमर्जन्सी स्विचसारखा, गरजेशिवाय कुणी हात लावायचा नाही. फ्रिजमधल्या दुसऱ्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: 'पेरू. जाडी ओली ५ मिमी. नग ३०. रोज २.' खाली तारखा आणि शिल्लक नग.

परवा शिल्लक जुळेना. दोन नग कमी भरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई पदराला तोंड पुसत म्हणाल्या, "आम्ही काय फक्त इन्स्पेक्शनच करायचं का?"