प्रश्नपरीक्षा : रुग्णाची आणि गावाची

आयुर्वेदाने दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी त्रिविध रुग्णपरीक्षा सांगितली आहे. यांपैकी प्रश्नपरीक्षा आपण बहुधा एका रुग्णापुरतीच करतो. संपूर्ण गाव हाच रुग्ण असेल तर ती कशी करावी, याचा वस्तुपाठ आपल्याच जिल्ह्यात, जामखेड येथे आहे.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही आधुनिक वैद्यकाचे पदवीधर. परंतु ग्रामस्थांची पहिली मागणी औषधाची नव्हती. ती पाण्याची व अन्नाची होती. म्हणून प्रकल्पाने कूपनलिका व बालकांच्या आहाराचे काम हाती घेतले. अनेक कूपनलिका दलित वस्तीत घेतल्या गेल्या व पाण्यासाठी सर्वांची पावले तिकडे वळली. चरकसंहितेतील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश व काल यांची विकृती ही समूहाच्या रोगांची कारणे म्हणून सांगितली आहेत. औषधाआधी पाणी मागणारे ग्रामस्थ शास्त्राला धरूनच बोलत होते.

पुढे प्रशिक्षित परिचारिकांना गावांत नेमूनही त्या तेथे रुजेनात. तेव्हा गावातीलच स्त्रियांना शिकवावे, असा विचार ग्रामस्थांशी झालेल्या चर्चेतून पुढे आला. अशा आरोग्यसेविकांपैकी अनेक जणी निरक्षर व दलित होत्या. ज्यांचे म्हणणे गावात कोणी विचारीत नसे, त्यांच्याच शब्दावर माता बालकांना घेऊन येऊ लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यावरून आपण काय घ्यावे? ऐकणे म्हणजे मान डोलावणे नव्हे. ऐकलेल्यानुसार आपला बेत बदलणे होय. पाथर्डी-जामखेड भागातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रीला आपण दोन वेळा ताजा काढा सांगतो. पहाटेपासून फडात राबणाऱ्या व कोपीत राहणाऱ्या त्या स्त्रीस तो कसा जमावा? तिने औषध सोडले की आपण 'अपथ्य' अशी नोंद करून मोकळे होतो. तिची दिनचर्या आधी विचारली असती, तर वटी किंवा चूर्ण यांचा विचार करता आला असता.

औषधालयांच्या चालकांचे स्थान येथे महत्त्वाचे आहे. औषध का थांबविले, अनुपान का मिळाले नाही, किंमत का परवडली नाही, हे वैद्यापुढे न बोलणारा रुग्ण दुकानात सहज बोलून जातो. ही माहिती वैद्यापर्यंत पोहोचविण्याचा परिपाठ आपण पाडावा.

वनौषधींचे नाव व रूप गुराखी, मेंढपाळ व वनवासी जाणतात, हे चरकाचार्यांनी मान्य केले आहे. लोकांकडून वनस्पती शिकण्यात ज्या शास्त्राला कमीपणा वाटला नाही, त्याच्या अनुयायांना लोकांचे दुःख त्यांच्याच मुखातून शिकण्यात संकोच नसावा.