पाणी, पत्रा आणि मधला एक नॅनोमीटर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग थोडा नीटनेटका करून लिहिलाय. गडचिरोलीहून एमएस्सी केमिस्ट्री करणाऱ्या एका श्रोतीने विचारलं होतं, "दादा, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा ऐच्छिक पेपर घेऊ का? इथे राहून त्याचा काय उपयोग?" मी सॉफ्टवेअरवाला. बीटेकला पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग केमिस्ट्री होती तेवढीच. पण हा प्रश्न आवडला, कारण उपयोग तिच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांत बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. कारखान्याचं नाही, खडकातलं. फ्लोराइड असलेली खनिजं वर्षानुवर्षं भूजलात विरघळत राहतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त असलेलं पाणी लहानपणी, दात तयार होत असताना, पोटात गेलं की दातांवर कायमचे पिवळे-तपकिरी डाग पडतात. प्रमाण फार असेल आणि वर्षं फार गेली, तर हाडं-सांधे आखडतात. आणि एक लक्षात ठेवा, पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते घट्ट होतं.

नागपूरच्या नीरीने यावर आधी नलगोंडा पद्धत दिली होती, म्हणजे तुरटी आणि चुना. पुढे त्यांनीच विजेवर चालणारी पद्धत आणली आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात सौरऊर्जेवर चालणारं संयंत्र बसवलं. कल्पना सोपी आहे. टाकीत ॲल्युमिनियमचे पत्रे उभे करायचे आणि त्यातून डीसी करंट सोडायचा. धन पत्र्यावरचं ॲल्युमिनियम आयन होऊन पाण्यात उतरतं. ऋण पत्र्यावर पाण्यातून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि हायड्रॉक्साइड तयार होतं. दोन्ही मिळून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा कापसासारखा गाळ बनतो. फ्लोराइड त्याला चिकटतं, गाळ खाली बसतो, वरचं पाणी गाळून गुंडात भरायचं. तुरटीने पाण्यात सल्फेट वाढतं, ते इथे नाही.

किती ॲल्युमिनियम उतरेल, हे फॅरडेचा नियम सांगतो. १ अँपिअर करंट १ तास म्हणजे ३६०० कुलंब. एका मोल इलेक्ट्रॉनला ९६४८५ कुलंब लागतात आणि ॲल्युमिनियमच्या एका अणूमागे ३ इलेक्ट्रॉन. हिशेब केला तर ०.३३६ ग्रॅम येतं. म्हणजे औषधाचा डोस मापाने नाही, करंट आणि घड्याळाने ठरतो. आमच्या भाषेत सांगायचं तर डोस हा एक पॅरामीटर झाला.

मग यात विद्यापीठात शिकण्यासारखं काय? तर, हे सगळं घडतं पत्रा आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेवर. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये 'इंटरफेस' म्हणतो तो कागदावरचा करार असतो. इथला इंटरफेस खरी जागा आहे, साधारण एक नॅनोमीटर जाडीची. पत्र्यावर विद्युतभार साठला की पाण्यातले उलट भाराचे आयन समोर रांग लावतात. याला विद्युत द्विस्तर म्हणतात. हेल्महोल्ट्झने १८५३ मध्ये ही कल्पना मांडली. मग गुई आणि चॅपमन यांनी सांगितलं की आयन एका रांगेत उभे राहत नाहीत, ढगासारखे पसरतात. १९२४ मध्ये स्टर्नने दोन्ही चित्रं जोडली. आता एका नॅनोमीटरवर एक व्होल्टचा फरक म्हणजे मीटरमागे १०० कोटी व्होल्ट. कोरडी हवा साधारण ३० लाखांवर ठिणगी सोडते! एवढ्या जोरात इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातो, म्हणून साध्या सोलर पॅनेलवरही धातू विरघळवता येतो.

पुढचा धडा टाफेलचा, १९०५ सालचा. करंट वाढवायचा तर जादा व्होल्टेज द्यावं लागतं, त्याला ओव्हरपोटेन्शियल म्हणतात. अनेक साध्या अभिक्रियांत ते साधारण १२० मिलिव्होल्टने वाढवलं की करंट दहापट होतो. हे कायम चालत नाही. एका टप्प्यावर आयन पत्र्यापर्यंत पोचण्याचा वेगच कमी पडतो, म्हणून पाणी ढवळणं आणि पत्र्यांमधलं अंतर महत्त्वाचं.

आणि खरी परीक्षा वर्ग संपल्यावर आहे. धन पत्र्यावर ऑक्साइडचा थर चढतो, ऋण पत्र्यावर जड पाण्यातला चुना बसतो. आता तेवढ्याच करंटसाठी जास्त व्होल्टेज लागतं. पॅनेल मात्र तेवढंच आहे. करंट पडतो, डोस कमी होतो आणि पाणी दिसायला स्वच्छच राहतं. नळाशी उभ्या असलेल्या बाईला ते डोळ्यांनी कळणार नाही. उपाय आहेत. ठरावीक वेळाने धन-ऋण उलटवायचं, पत्रे घासायचे, झिजले की बदलायचे, आणि फ्लोराइड नियमित तपासायचं. पण कधी उलटवायचं, करंट किती ठेवायचा, पीएच कुठे धरायचा, हे ठरवायला द्विस्तर आणि ओव्हरपोटेन्शियल समजणारा माणूस जवळपास हवा. संयंत्र बसवून जाणारे पुष्कळ मिळतात, दोन वर्षांनी त्याचा करंट का पडला हे सांगणारा मिळत नाही.

म्हणून ताई, माझं उत्तर : घ्या पेपर. फॅरडे, नर्न्स्ट, बटलर-व्होल्मर, द्विस्तर या क्रमाने जा. लॉगरिदम आणि थोडं कॅल्क्युलस पक्कं करा. हेच गणित पुढे हापशीच्या पाइपाच्या गंजाला आणि मोबाइलच्या बॅटरीलाही लागतं. पुढे शिकायचं झालं तर तमिळनाडूत कराईकुडीला या विषयाची राष्ट्रीय प्रयोगशाळाच आहे, सीएसआयआर-सेक्री. आणि प्रोजेक्टसाठी लांब जाऊ नका. दोन ॲल्युमिनियमचे पत्रे, एक डीसी सप्लाय, फ्लोराइड मोजायचा आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड आणि आपल्याच तालुक्यातलं बोरिंगचं पाणी. आठवडाभर रोज करंट आणि व्होल्टेज लिहून ठेवा. आलेख कुठे वाकतो ते मला कळवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू.