ब्रेकचा पाइप : वरून साबूत, आतून निकामी

मोटारसायकल दुरुस्तीच्या धंद्यात आमचे पुष्कळ बांधव आहेत. पूर्वी बहुतेक गाड्यांच्या दोन्ही चाकांना ड्रमब्रेक असे. तार किंवा रॉड ओढला की काम भागे. पुढे २००१ साली बजाज पल्सर आणि २००३ साली हिरो होंडाची करिझ्मा आली व डिस्क ब्रेक हळूहळू गल्लीबोळांतील गॅरेजपर्यंत पोहोचला. त्या काळातील गाड्या आजही रस्त्यावर दिसतात. अशा गाडीचे टायर, चेन, पॅड बदलले जातात, पण ब्रेकच्या रबरी पाइपकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आमच्या एका स्नेह्याच्या जुन्या गाडीचे असेच झाले. लिव्हर सोडल्यावरही पुढचे चाक मोकळे होईना. एका ठिकाणी पॅड बदलले, दुसऱ्या ठिकाणी कॅलिपर साफ केले. पैसे दोनदा गेले, दोष होता तिथेच राहिला. शेवटी एका वयस्कर कारागिराने चाक अडकलेले असतानाच आधी वरचा, मास्टर सिलिंडरकडील जोड किंचित सैल केला. चाक सुटले नाही. मग कॅलिपरचा निपल सैल करताच ते सुटले. म्हणजे वरचा सिलिंडर ठीक आणि कॅलिपरही ठीक होते. दोष मधल्या पाइपात होता.

हे का घडते? पाइपाच्या आतील रबर वर्षानुवर्षांनी फुगते व सोलते. लिव्हरच्या जोराने ब्रेक ऑइल खाली जाते, पण परतताना सोललेला पापुद्रा झडपेसारखा वाट अडवतो. कधी उलटे होते. नरम पडलेला पाइप दाबाने फुगतो, लिव्हर मऊ लागते आणि ऐन वेळी ब्रेक कमी पडतो. टोकाजवळ चिरा, ओल किंवा फुगवटा दिसला तर विचार करीत बसू नये. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत पाइप दर ४ वर्षांनी व ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी बदलावे असे सांगितलेले असते.

काम अवघड नाही, पण घाई चालत नाही. ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणून टाकीवर ओले फडके टाकावे व सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. पोकळ बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवेच घालावेत. एकदा दबलेला वॉशर पुन्हा नीट बसेलच याचा भरवसा नाही. पाइप जुन्याच वाटेने न्यावा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून तो ताणला किंवा घासला जात नाही ना, हे पाहावे. ब्रेकच्या आतील भागांना पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लावू नये, रबरी सील फुगतात.

ऑइल झाकणावर लिहिलेलेच आणि सीलबंद बाटलीतील घ्यावे. ते हवेतील ओल शोषते. नव्या डॉट ४ ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओल शोषल्यावर तो १५५ च्या आसपास येऊ शकतो. उघडी पडलेली बाटली वापरणे म्हणूनच खोटी काटकसर आहे. एअर काढताना लिव्हर दाबून धरावे, निपल उघडून बंद करावा, मगच लिव्हर सोडावे. वरची डबी रिकामी होऊ देऊ नये. शेवटी लिव्हर जोराने दाबून धरून दोन्ही जोड कोरडे आहेत याची खात्री करावी.

गिऱ्हाईक म्हणेल, “चालतंय ना, मग कशाला खर्च?” त्याच्याशी वाद घालू नये. काढलेला पाइप कापून त्याला आतून दाखवावा, पावतीवर तारीख लिहावी. ज्याला आपण कारण दाखवले, तो पुन्हा आपल्याकडेच येतो. आणि ज्या दिवशी त्याच्या गाडीपुढे अचानक एखादे मूल धावत येईल, त्या दिवशी आपले काम किती खरे होते हे त्या एका लिव्हरवर ठरेल.