जुने मध्यमाकार कॅमेरे : दुरुस्ती व वापर

सु. ६ सेंमी. रुंदीच्या गुंडाळी फिल्मवर छायाचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यांना मध्यमाकार कॅमेरे म्हणतात. ३५ मिमी. फिल्म वापरणारे लहान कॅमेरे व सुटी फिल्मपत्रे वापरणारे मोठे कॅमेरे यांच्यामधील हा वर्ग होय. कोडॅक कंपनीने १९०१ मध्ये प्रचारात आणलेली ‘१२०’ क्रमांकाची फिल्म अद्यापही तयार होत असल्याने फार जुने कॅमेरेही दुरुस्तीनंतर उपयोगी पडतात. तिच्या एका गुंडाळीवर ६ × ९ सेंमी. आकाराची ८ किंवा ६ × ६ सेंमी. आकाराची १२ चित्रे येतात. चौरस चित्राची प्रत्यक्ष बाजू सु. ५६ मिमी. असून त्याचे क्षेत्रफळ ३५ मिमी. फिल्मवरील (२४ × ३६ मिमी.) चित्राच्या सु. साडेतीन पट भरते. त्यामुळे मोठ्या प्रतीतही तपशील स्पष्ट राहतो.

प्रकार : पेटी कॅमेरा, भात्याचा घडीचा कॅमेरा, द्विभिंगी परावर्ती (उदा., १९२९ मधील रोलायफ्लेक्स) व एकभिंगी परावर्ती (उदा., १९४८ मधील हॅसलब्लाड) हे प्रमुख प्रकार होत. यांपैकी बहुतेक जुने कॅमेरे पूर्णतः यांत्रिक असून त्यांना विद्युत्‌ घट लागत नाही. त्यांच्यातील धातू व काच दीर्घकाळ टिकतात. बिघडतात ती मुख्यतः वंगण, चामडे, कापड व चिकटद्रव्ये. दुरुस्तीची शक्यता व तिच्या मर्यादा या भेदावरच अवलंबून असतात.

तपासणी व दुरुस्ती : भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांत सूक्ष्म छिद्रे पडतात. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत लहान दिवा धरल्यास ती दिसतात. एखाददुसरे छिद्र लवचिक काळ्या लेपाने बुजविता येते. छिद्रे अनेक असल्यास भाता बदलणे श्रेयस्कर असते. भिंगातील झडपेचे (शटरचे) वंगण घट्ट झाल्याने १ सेकंदासारखे मंद वेग रेंगाळतात किंवा झडप अर्धवट उघडी राहते. अशा वेळी तेल घालणे ही नेहमीची चूक होय. ते पात्यांवर पसरून ती एकमेकांस चिकटतात. पाती बाष्पनशील विद्रावकाने स्वच्छ करून कोरडीच ठेवावी लागतात व वंगण फक्त चक्रांच्या आसांना अत्यल्प प्रमाणात देतात.

कोकणासारख्या दमट हवेत भिंगावर बुरशी वाढते. ती वरवरची असेपर्यंत पुसून निघते; परंतु तिच्या अम्लीय स्रावाने काच कोरली गेल्यास ते व्रण कायम राहतात. परावर्ती कॅमेऱ्याच्या आरशावरील चांदीचा थर पुढील पृष्ठावर असल्याने तो घासल्यास निघून येतो. पुढचे भिंग काढण्यापूर्वी त्याच्या स्थितीची खूण करणे आवश्यक असते, कारण ते नेमके पूर्वस्थानी न बसल्यास केंद्रीकरण बिघडते. दुरुस्तीनंतर फिल्मच्या जागी घासलेली काच ठेवून, झडप उघडी राखून व छिद्र पूर्ण मोठे करून दूरच्या वस्तूची प्रतिमा तपासतात. अनेक कॅमेऱ्यांचे सुटे भाग आता तयार होत नाहीत. म्हणून अननुभवी हाताने तुटलेला भाग दुसऱ्या कॅमेऱ्यातूनच मिळवावा लागतो आणि वापरण्याजोग्या कॅमेऱ्यांत एकाची घट होते. आवश्यक तेवढीच उकल करावी, हा नियम यामुळेच पाळला जातो.

वापर : पूर्वीच्या अनेक फिल्मांवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम होत नसे, आजच्या बहुतेक फिल्मांवर होतो. म्हणून पाठीमागील तांबडी खिडकी फिल्म पुढे सरकवितानाच उघडावी. ‘६२०’ क्रमांकाच्या कॅमेऱ्यांसाठी १२० ची फिल्म अंधारात बारीक रिळावर गुंडाळून घेता येते, कारण दोहोंची रुंदी एकच असते. प्रकाशमापक नसल्यास प्रखर उन्हात १०० वेगाच्या फिल्मसाठी एफ-१६ छिद्र व १/१०० किंवा १/१२५ सेकंद हे प्रमाण घेतात. भिंगांवर परावर्तनरोधी लेप देण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र रूढ झाली; लेप नसलेल्या भिंगास छायाटोप लावल्यास चित्र फिकट होत नाही.

जतन : कॅमेरा चामडी पिशवीत दीर्घकाळ ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरते. सिलिका जेलसह कोरड्या डब्यात, झडपेची स्प्रिंग सैल ठेवून तो जपावा व अधूनमधून सर्व वेगांवर चालवावा. नियमित वापर हाच वंगण घट्ट होऊ न देण्याचा सर्वांत साधा उपाय होय. [→ कॅमेरा, छायाचित्रण].