भरतीचे गणित आणि तळ्याकाठची शाळा

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तेथील मुलास भरती-ओहोटी हा भूगोलाच्या पुस्तकातील एक धडा वाटतो. कोकण किनाऱ्यावरील कोळ्याच्या मुलास मात्र ते घरातले ज्ञान असते. होडी केव्हा लोटावयाची व डोल जाळे केव्हा लावावयाचे, हे त्याचे वडील तिथीवरून ठरवितात.

या ठरविण्यामागे एक सोपे गणित आहे. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता मुंबईच्या आसपासच्या पूर्ण भरतीची वेळ अदमासाने मिळते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास पाणी फार चढते व तितकेच उतरते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो; तो भांग. डोल जाळे एका जागी रोवलेले असून प्रवाहाबरोबर येणारी मासळी त्यात शिरते. म्हणून उधाणाचा जोरदार प्रवाह त्या जाळ्यास मानवतो.

हे गणित जवळा बाजारच्या मैदानावरही करता येते. मुंबईस पूर्ण भरती येते ती चंद्र आकाशात सर्वांत वर असण्याच्या वेळेच्या आगेमागे. शुक्ल अष्टमीस सायंकाळी सहाच्या सुमारास चंद्र माथ्याजवळ असतो. मुलांनी तो पाहावा, पाढा म्हणावा आणि त्या घटकेस मुंबईच्या खाडीत पाणी चढलेले असेल हे ओळखावे. रोज ही वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, हेही आठ दिवसांच्या टिपणावरून त्यांच्या ध्यानी येईल. अपूर्णांक शिकविण्यास याहून चांगले साधन क्वचितच सापडेल.

शाळा मुलांच्या जागी नेण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी या किनाऱ्यावरील गावी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ यांच्या साथीने ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच शिक्षकच कुरणात गेले व कुरणशाळा उभी राहिली. मुलाचे काम हा शिक्षणातील अडथळा न मानता तेथूनच आरंभ करावा, ही दृष्टी त्यात होती.

जवळा बाजारच्या परिसरात गुरे आहेत, तसे पाणीही आहे. पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरण याच तालुक्यातले. जलाशयावर व नदीवर मासेमारी करणाऱ्या भोई कुटुंबांपाशी पाण्याची खोली, माशांच्या सवयी व जाळ्याची आस यांचे मोठे ज्ञान असते. परंतु त्यांच्या मुलास वर्गात हे कोणी विचारीत नाही. उलट वडिलांचा धंदा हलका आहे असा समज तो शाळेतूनच घरी नेतो. एखाद्या वयस्क भोयास शाळेत सन्मानाने बोलावून जाळे कसे विणतात व फाटल्यास कसे सांधतात हे दाखविण्यास सांगावे. आस लहान असेल तर पिले अडकतात आणि पुढील वर्षाचे उत्पन्न बुडते, हे मुलांस मोजपट्टीने समजते. पावसाळा हा मासळीच्या प्रजननाचा काळ. किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते ती याचसाठी.

मत्स्यपालन करणाऱ्या शेतकऱ्यासही अशा पाठाचा लाभ आहे. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगल तळाशी. म्हणून तिन्ही जाती एकत्र सोडतात. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर पाण्यातील प्राणवायू कमी झाला असे समजावे. रात्री पाण्यातील वनस्पती प्राणवायू निर्माण करीत नाहीत, वापरतात मात्र. पांढरी थाळी दोरीने आत सोडून पाहावी. हिरव्या पाण्यात ती ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. २० सेंटिमीटरच्या आतच दिसेनाशी झाली, तर खाद्य व खत थांबवून ताजे पाणी घ्यावे. मुलांनी ही नोंद वहीत ठेवल्यास शेतकऱ्यास ती आयती मिळते.

ग्रामसेवक व शिक्षकांनी जागा मात्र काळजीपूर्वक निवडावी. उतरता मातीचा काठ, उथळ पाणी आणि पोहणारी दोन मोठी माणसे सोबत, एवढे नसेल तर पाठ घेऊ नये. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्याच्या काठावर मुलांस मुळीच नेऊ नये. ओले अस्तर निसरडे असते व आत पडलेल्या मोठ्या माणसासही वर चढता येत नाही. तेथील थाळीची परीक्षा मालकाने स्वतः करून अंक मुलांस सांगावा. तळ्यास कुंपण घालावे, आणि जागोजाग गाठी मारलेला जाड दोर काठावरच्या खुंटास बांधून पाण्यात सोडलेला असावा.