एन स्केलच्या इंजिनात डिकोडर बसविताना

रुळांतील अंतर अवघे ९ मिलिमीटर असलेल्या एन स्केलच्या मॉडेल रेल्वे-इंजिनात डिकोडर, म्हणजे रुळांतून आलेले डिजिटल संदेश वाचून मोटार व दिवे चालविणारा छोटा सर्किट बोर्ड, बसवावयाचा म्हटले की प्रथम जागेची विवंचना पडते. परंतु माझ्या मते निवडीचा पहिला निकष विद्युत्प्रवाह हाच असावयास हवा. इंजिनाला १२ व्होल्ट देऊन व चाके क्षणभर अडवून धरून मोटार किती प्रवाह ओढते ते मीटरवर पाहावे, आणि डिकोडरची क्षमता त्याहून अधिक असल्याची खातरजमा झाल्यावरच लांबीरुंदीचा तपशील हाती घ्यावा. इंजिनात डिकोडर थेट खोचता येणारे नेक्स्ट१८ सॉकेट असेल, तर त्याच जातीचा डिकोडर घेतला की काम चुटकीसरशी उरकते.

खरी कसोटी जुन्या इंजिनांची. त्यांपैकी कित्येकांत चेसिसचे दोन धातूचे अर्धभागच रुळांतील वीज मोटारीच्या ब्रशांपर्यंत पोहोचवितात. हा संबंध समूळ तोडल्यावाचून डिकोडर जोडला, तर तो जळून जाण्याचीच भीती अधिक. म्हणून ब्रशांच्या पट्ट्या कॅप्टॉन टेपने चेसिसपासून विलग कराव्या, मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी, व मगच तांबडी आणि काळी तार रुळांकडे, नारिंगी आणि करडी मोटारीकडे, पांढरी पुढच्या व पिवळी मागच्या दिव्याकडे, आणि निळी त्या दिव्यांच्या सामाईक धन टोकाकडे न्यावी. एलईडी असल्यास रेझिस्टर हवाच.

पहिली चाचणी प्रोग्रामिंग ट्रॅकवरच, म्हणजे डिकोडरची मूल्ये वाचण्या-लिहिण्यासाठी राखलेल्या वेगळ्या रुळावरच, घ्यावी. तेथे प्रवाह मर्यादित असल्यामुळे जोडणीत कसूर राहिली तरी डिकोडर बहुधा बचावतो. कोऱ्या डिकोडरचा पत्ता, म्हणजे इंजिनाला हाक मारण्याचा क्रमांक, ३ असतो, तो बिनचूक वाचला गेला की इंजिन मुख्य मार्गावर न्यावयास हरकत नाही.