जुनी चारचाकी घेताना

आपल्या गटांतल्या काही घरांत आता चारचाकीचा विचार चाललाय. होंडा सिटीसारखी मागे डिकी असलेली गाडी नवी परवडत नाही, म्हणून जुनी बघतात. रंग आणि सीट बघून हरखू नका. आम्ही सांगतो, आधी कागद मागा.

आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, ते पाहा. असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका. नाहीतर जुन्या मालकाचे हप्ते थकले, की गाडी आपल्या दारातून ओढून नेतात. चासी आणि इंजिनचा नंबर कागदाशी ताडून घ्या.

मग गाडी. इंजिन गार असतानाच सुरू करायला लावा. तापल्यावर त्याचं दुखणं लपतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पायाखालची मॅट उचला. चिखल, कुबट वास, सीटखाली गंज दिसला, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. टायरवरचे चार आकडे वाचा. 2321 म्हणजे 2021 सालचा 23वा आठवडा. घरची पाच माणसं बसवून गतिरोधकावरून न्या, पोट घासतं का ते कळेल. ओळखीचा मेकॅनिक सोबत ठेवा.

व्यवहार ठरला की फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या. विमा नावावर करायचा अर्ज 14 दिवसांत द्या. आणि बायांनो, कर्ज गटाचं, हप्ता आपण फेडणार, तर आरसीवर नावही आपलंच लावून घ्या.